दुरुस्ती कोणाच्या नावावर

"माझ्या बहिणीनं कबुली दिलीय," ती बाई खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली, "आणि ती खोटी आहे, एवढं मला सिद्ध करून हवंय."

मोजणीदारांनी चष्मा कपाळावर चढवला. दाजींनी वहीचं नवं पान काढलं.

मोजणीदार तीस वर्षं जमिनी मोजत होते. निवृत्त झाल्यावर ते लोकांची कोडी मोजायला लागले. दाजी त्यांच्या बहिणीचे यजमान. हयातभर कंपाउंडर होते. बायको गेल्यापासून घरी करमत नसे, म्हणून मेहुण्याच्या कचेरीत येऊन बसत. त्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मोजणीदार सांगत, "दाजींना समजलं की जगाला समजलं." ही स्तुती की टोमणा, हे दाजींनी कधी विचारलं नाही. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.

बाई आणि तिची बहीण पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होत्या. तिथं सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. समोर बसली होती ती थोरली.

"तीन महिन्यांपूर्वी एका वसाहतीच्या विहिरीचं पाणी आमच्याकडं आलं," तिनं सांगितलं. "त्यात नायट्रेट निघालं दोनशे चाळीस. मर्यादा पंचेचाळीसची. मोठ्या माणसाला एक वेळ चालून जातं, तान्ह्या बाळाला नाही. त्याचं अंगच निळं पडतं. पण अहवाल बाहेर गेला तो अठराचा. पाणी उत्तम, म्हणून. लोकांनी त्यात बाळांचं दूध कालवलं." तिनं पर्स मांडीवर ओढली. "दोन बाळं गेली."

दाजींची पेन्सिल जागीच राहिली.

"आकडा बदलला कोणी?" मोजणीदारांनी विचारलं.

"तोच तर प्रश्न. आमच्याकडं आकडा बदलला की मशीन, म्हणजे आमचा कॉम्प्युटर, आपोआप दुरुस्तीची चिठ्ठी करतं. कोणता काढला, कोणता घातला, कधी. ज्याच्या खात्यावरून बदल झाला त्याच्या नावावर ती चिठ्ठी राहते. चौकशी अधिकाऱ्यांनी पाहिलं तर नाव धाकटीचं."

"आणि तिला आठवत नाही?"

"कसं आठवेल? फेरतपासणी झाली की जुना आकडा काढायचा, नवा घालायचा. दिवसाला तीस-चाळीस दुरुस्त्या असतात. आधी ती म्हणत होती, मी केलं नसावं. पडद्यावर नाव पाहिलं आणि त्या दिवसापासून म्हणते, मीच केलं असणार, मशीन कशाला खोटं बोलेल? परवा सुनावणी आहे. तिचा परवाना जाणार, तुरुंगही होईल."

"तुमचा संशय कोणावर?"

"मालकांवर. वसाहत बांधणारा त्यांचा दोस्त आहे. धाकटीचा पासवर्ड त्यांना माहीत असणार."

"दुरुस्त्या तुमच्याही हातून होतात?"

"होतात की. पण नाव तिचं आहे," थोरली सहज म्हणाली. मग ती पुढं वाकली. "मी तिला रोज समजावते, होतं गं माणसाच्या हातून. ती ऐकतच नाही. तिला वाचवा. मला दुसरं काही नको."

घरी नऊ महिन्यांचं बाळ सासूबाईंपाशी ठेवून आली होती, त्यामुळं ती घाईनं उठली.

"बिचारी," दाजी म्हणाले. "अशी बहीण मिळायला भाग्य लागतं."

मोजणीदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रयोगशाळेत पोचले. लांबोडक्या खोलीत दोन्ही बाजूंना ओटे, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्यांच्या रांगा. आम्लाचा वास दाजींना ओळखीचा वाटला आणि बरं वाटलं. कोपऱ्यातल्या टेबलावर सगळ्यांचं मिळून एकच मशीन होतं.

मालकांनी स्वतः खुर्च्या पुढं केल्या. माणूस अंगानं भरलेला, सारखा कपाळ पुसत होता. खाई त्याला खवखवे, असं दाजींनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"वसाहतवाला माझा मित्र आहे, नाही कशाला म्हणू," मालक म्हणाले. "पण मित्रासाठी कोणी बाळं मारतं का? आणि मला त्या मशीनशी झगडता येतं कुठं? गेल्या वर्षभरात मुलाला लिहिलेली पत्रं त्यात आहेत. नवीन लिहिलेली उघडतात, जुनी उघडायला गेलो की सांगतं, परवानगी नाही. माझ्या प्रयोगशाळेत मला परवानगी नाही."

"जुनी म्हणजे केव्हाची?"

"मशीनमधली यंत्रणा बदलली ना, त्याआधीची."

मग आला नमुनेवाला. हा गावोगाव फिरून पाण्याच्या बाटल्या भरून आणणारा. त्याला घाई होती.

"मी मशीनवर फेरीचे तक्ते तेवढे लिहितो साहेब. कुठं गेलो, किती बाटल्या आणल्या. तपासणीतलं मला ओ का ठो कळत नाही."

"दुरुस्ती कधी केलीत?"

"माझा सदरा फाटला तर बायको करते," तो म्हणाला आणि बाटल्यांचा खोका उचलून चालू लागला.

मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ तिशीतला, किडकिडीत. बोलताना नखं कुरतडत होता.

"यंत्रणा का बदलली?" मोजणीदारांनी विचारलं.

"जुनी माझ्याआधीच्या म्हातारबांनी बसवली होती. मशीन चालवणारी यंत्रणा, फ्रीबीएसडी नावाची. नऊ वर्षं कुरकुर न करता चालली. म्हातारबा वारले आणि ती सांभाळणारं कोणी उरलं नाही. तिच्यात खोट काही नव्हती हो, मला ती येत नव्हती, एवढंच. मला लिनक्स नावाची दुसरी येते, म्हणून ते घातलं. दोन्ही युनिक्स नावाच्या एकाच जुन्या घराण्यातल्या, चुलत बहिणी म्हणा. चेहरामोहरा सारखा, घरचे रिवाज तेवढे वेगळे."

"कधी घातलंत?"

"बारा तारखेला."

मोजणीदारांनी दाजींकडं पाहिलं. दाजींनी वही चाळली. "दुरुस्तीची चिठ्ठी त्याच महिन्यातली, पाच तारखेची."

"म्हणजे जुन्या यंत्रणेतली. बरं, घातलंत कसं? माझ्यासारख्या अडाण्याला कळेल असं सांगा."

"जुन्या डिस्कवरच्या सगळ्या फायलींचं एक गाठोडं बांधलं. मशीन कोरं केलं, लिनक्स बसवलं, गाठोडं सोडलं. ते सुटायला दोन तास लागतात, म्हणून आधी तेच लावून दिलं आणि जेवून आलो. मग हजेरीपट समोर घेऊन खाती उघडली. मालकांचं एक हजार नंबरला, पुढची ओळीनं."

"गाठोडं आधी, माणसं मागाहून."

"हो. का, काही चुकलं?"

"जुनी डिस्क कुठाय?"

"पुसून भंगारात दिली."

मोजणीदारांनी सुस्कारा सोडला. "बारा तारखेच्या आधीच्या काही फायलींची यादी छापून द्या. फायलीपुढं मालकाचं नाव हवं. म्हणजे तुमच्या मालकांचं नव्हे, फायलीच्या मालकाचं."

छापणारं यंत्र कुरकुरत होतं तेवढ्यात मोजणीदार उगाच खोलीभर फिरले. भिंतीतल्या कपाटाचं दार त्यांनी उघडलं. आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, म्हातारबांच्या हातचा. त्यावर लिहिलं होतं: मालक १००१, थोरली १००२, धाकटी १००३, नमुनेवाला १००४.

"हे उतरवून घ्या, दाजी."

दाजींनी घेतलं. का, ते त्यांना कळलं नाही. पण औषधाची चिठ्ठी उतरवताना तरी कुठं सगळं कळायचं?

छापलेल्या यादीत चार ओळींवर मोजणीदारांनी पेन्सिलीनं खूण केली. 'मुलास पत्र' या फायलीपुढं नाव होतं थोरलीचं. विहिरीच्या दुरुस्तीपुढं धाकटीचं. आम्लतेच्या कोष्टकांपुढं चक्क नमुनेवाल्याचं. आणि फेरीच्या तक्त्यापुढं कोणाचंच नाव नव्हतं, नुसता आकडा होता, १००४.

"मालकांनी थोरलीच्या खात्यावर बसून पत्र लिहिलं होय," दाजी कुजबुजले. "मी म्हणतच होतो. माणूस दुसऱ्याच्या खात्यात शिरतो."

"आणि नमुनेवाला आम्लतेची कोष्टकं मांडतो?"

दाजींनी यादी पुन्हा वाचायला घेतली.

धाकटी मागच्या मोरीत बाटल्या विसळत होती. कामावरून दूर केलेली होती, पण रोज यायची. मालकांनी हाकललं नव्हतं. फुकटचं काम कोणाला नको असतं?

"ताईनं तुम्हाला उगाच त्रास दिला," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "मीच केलंय ते."

"आठवतंय?"

"नाही. आठवतसुद्धा नाही, हेच तर वाईट. दोन जीव गेले आणि मला तो क्षण आठवत नाही." तिनं बाटली उजेडात धरून पाहिली. "मी त्यातल्या एका बाळाच्या घरी गेले होते. आईनं दार उघडलं. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. बसा म्हणाली, तांब्यात पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि काही न सांगता परत आले."

दाजींना एकदम तिथून बाहेर पडावंसं वाटलं. मोजणीदार मात्र नळ बंद होईपर्यंत उभे राहिले.

"तुमच्या जुन्या फायली उघडतात का हो?" त्यांनी हलकेच विचारलं.

"मी तीन महिने मशीनला हात लावलेला नाही."

दुपारी चार वाजता मोजणीदारांनी सगळ्यांना मशीनभोवती बसवलं. थोरली सुट्टीवर होती, तीही आली. ती धाकटीच्या शेजारी बसली आणि तिचा ओला हात तिनं आपल्या हातात घेतला.

"मला यंत्रातलं कळत नाही," मोजणीदार म्हणाले. "जमिनीतलं कळतं, म्हणून त्या भाषेत सांगतो. शेताच्या बांधावरच्या दगडावर मालकाचं नाव नसतं. नंबर असतो. नाव असतं कचेरीतल्या वहीत. नंबर बघायचा, वही उघडायची, नाव वाचायचं. या यंत्रणांच्या घराण्यात हाच रिवाज आहे ना?"

तंत्रज्ञानं मान हलवली. "फायलीवर नंबरच असतो. पडद्यावरचं नाव खात्यांच्या वहीतून वाचलेलं असतं." बोलता बोलता त्याचा हात तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला.

"तुमच्या लक्षात आलं," मोजणीदार म्हणाले. "बाकीच्यांसाठी बोलतो. जुनी चुलत बहीण माणसं मोजायला लागते एक हजार एकपासून. म्हातारबांचा कागद कपाटाच्या दारावर आहे. नवी मोजायला लागते एक हजारपासून. क्रम तोच, हजेरीपटाचा. मग काय झालं, दाजी?"

दाजींनी वहीत बोट ठेवलं. "मालक एक हजार एकवर होते, ते एक हजारवर आले."

"आणि एक हजार एकवर?"

"थोरली आली." दाजींचं बोट खाली सरकलं. "एक हजार दोनवर धाकटी. एक हजार तीनवर नमुनेवाला. एक हजार चारवर, अं, कोणीच नाही."

"माणसं एकेक घर सरकली. दगड जागच्या जागी राहिले. गाठोड्यात नंबरासोबत नावही बांधलेलं असतं; ते सोडायच्या आधी खाती उघडली असती, तर फायलींनी आपापली माणसं नावानं शोधली असती. पण फायली आल्या तेव्हा घरात माणूसच नव्हतं. त्या नंबर धरून बसल्या."

"म्हणून माझी पत्रं," मालक म्हणाले.

"तुमची पत्रं तुमचीच आहेत. मशीन त्यांना थोरलीची समजतं, म्हणून तुम्हाला परवानगी नाही. धाकटीची कोष्टकं नमुनेवाल्याच्या नावावर गेली. नमुनेवाल्याचे तक्ते बेवारस झाले. चौकशी अधिकाऱ्यांनी एकच फाइल पाहिली. यादी पाहिली असती, तर त्यांनाही दिसलं असतं. कोणी लबाडी केलेली नाही. कोणी कोणाच्या खात्यात शिरलेलं नाही."

नमुनेवाला खाली बघत होता. मालकांनी कपाळ पुसलं. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं, आणि जे उरलं होतं ते बोलायची कोणाला इच्छा नव्हती. शेवटी दाजीच बोलले, कारण त्यांच्या डोक्यात ते त्याच क्षणी शिरलं होतं आणि शिरलेलं तोंडावाटे बाहेर पडण्याची त्यांची जुनी खोड होती.

"मग धाकटीच्या नावावर जी दुरुस्ती दिसते, ती एक हजार दोनची. म्हणजे—"

त्यांनी जीभ चावली.

थोरलीनं यादी हातात घेतली. तिनं ती ओळ वाचली, मग दाजींची वही ओढून ती वाचली.

"पाच तारखेला बाळाला ताप होता," ती म्हणाली. "मला लवकर निघायचं होतं. फेरतपासणीचा तक्ता माझ्यापुढं होता. त्यात विहिरीच्या खालची ओळ कुठल्याशा कारखान्याच्या बाटलीची होती. तिचा आकडा..." तिनं मालकांकडं पाहिलं. "अठरा होता का तिचा?"

मालकांनी फेरतपासणीची फाइल काढली. कारखान्याच्या बाटलीचा आकडा अठराच होता; तोच विहिरीच्या ओळीत गेला होता.

एकेकाला प्रश्न विचारत फिरायचं, संशय घ्यायचा, पासवर्ड कुणी चोरला म्हणायचं, आणि हे सगळं काखेत कळसा घेऊन. दाजींना त्या म्हणीचं आजवर हसूच येत आलं होतं. थोरलीनं हात कधी काढून घेतला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. धाकटीचा हात मोकळा पडलेला मात्र दिसला.

"म्हणजे आता मी माणूस बदलून द्यायचा?" मालक म्हणाले. "कबुली दाखल झालीय. उद्या निकाल आहे. पुन्हा सगळं उकरलं तर इथं कुलूप लागेल."

"तुम्ही गप्प बसा," दाजी म्हणाले. आयुष्यात इतक्या मोठ्या माणसाला ते पहिल्यांदाच असं बोलले.

धाकटी उठली. तिच्या तोंडावर सुटकेचा मागमूस नव्हता.

"साहेब, तुमचं गणित बरोबर असेल. पण कबुली माझी आहे, ती मी मागं घेणार नाही."

"तुम्ही निर्दोष आहात, बाई."

"तीन महिने मी हे घेऊन झोपतेय, उठतेय. मला त्याची सवय झालीय. ताईच्या घरी तान्हं बाळ आहे. हे डोक्यावर घेऊन ती त्याला दूध पाजणार कशी?" तिचा आवाज चढला नाही. "उद्या तुम्ही हे तिथं मांडलंत, तर मी सांगेन की ताईच्या खात्यावर बसून मीच आकडा बदलला. तुमच्या दगडावर नंबर असतो. बोटं कोणाची होती ते दगडाला कळत नाही."

मोजणीदारांनी कोरा कागद पुढं ओढला.

त्यांनी तिथंच बसून अहवाल लिहिला, सही केली आणि लिफाफा थोरलीपुढं ठेवला. "काम तुम्ही दिलं होतं. कागद तुमचा."

बाहेर आल्यावर दाजी रस्त्यातच थांबले. "हे काय केलंत? सरळ अधिकाऱ्याकडं जायचं सोडून?"

"अधिकारी मला विचारील, पुरावा काय? जुनी डिस्क पुसलेली. यादी आहे, पण धाकटी तिला एका वाक्यात निकालात काढील. आता हे एकाच माणसाच्या तोंडून खरं ठरू शकतं, दाजी. ते माणूस बोललं तर."

"बोलेल ती. बहिणीसाठी आपल्या पायऱ्या चढून आली होती."

मोजणीदार चालायला लागले.

सुनावणीची खोली वरच्या मजल्यावर होती. बाकं अरुंद, पंखा बंद. पहिल्या बाकावर दोन बायका आणि त्यांचे नवरे बसले होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुसऱ्या बाजूला थोरली आणि धाकटी. थोरलीच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समधून लिफाफ्याचा कोपरा दिसत होता. दाजींनी तो पाहिला आणि त्यांना धीर आला.

दंडाधिकाऱ्यानं कबुली वाचून दाखवली. "हे तुमचंच म्हणणं?"

"हो," धाकटी म्हणाली.

मोजणीदार उठून उभे राहिले. कागद ज्याचा, बोलणं त्याचं, हा आपला नियम मोडताना त्यांना दाजी पहिल्यांदाच पाहत होते. "साहेब, फायलीच्या नावाबद्दल मला थोडं—"

"तुम्ही कोणाचे वकील?"

"कोणाचाच नाही."

"साक्षीदार?"

"नाही."

"मग बसा." दंडाधिकारी चिडलेला नव्हता, थकलेला होता. "यंत्रातली नोंद आहे, कबुली आहे. एवढं स्वच्छ प्रकरण माझ्याकडं वर्षातून एकदा येतं."

तो थोरलीकडं वळला. "तुम्ही तिथल्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ. निकाल देण्याआधी तुम्हाला काही सांगायचंय?"

थोरली उभी राहिली. तिचा हात पर्समध्ये गेला. पहिल्या बाकावरच्या दोघींपैकी एकीनं वळून तिच्याकडं पाहिलं. त्या बाईच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं वाट पाहणं होतं. धाकटी समोर बघत होती. दाजी मनातल्या मनात म्हणत होते, बोल बाई, बोल, एकदा बोलून टाक. ते इतका वेळ म्हणत होते की त्यांना वाटलं, आपण मोठ्यानंच बोलतोय.

"नाही," थोरली म्हणाली.

परवाना कायमचा गेला, तीन वर्षांची कैद झाली. हजर व्हायला आठ दिवसांची मुदत मिळाली. लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं, शिक्का मारला आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला.

दाजी आणि मोजणीदार जिन्याशी उभे होते, तेव्हा दोघी बाहेर आल्या. थोरलीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या पायरीवर ती कठड्याला धरून खाली बसत गेली.

धाकटीनं तिच्या काखेत हात घातला. "ऊठ ताई," ती म्हणाली. "होतं गं माणसाच्या हातून." आणि तिला सांभाळत, एकेक पायरी थांबत, ती तिला खाली घेऊन गेली.